फोन फुटल्याचा व्हिडिओ सगळ्यांकडे, बॅटरीचं बिल कुणाकडेच नाही

नल्लकुंटा (हैदराबाद) : देगलूर, बिलोली, धर्माबाद, बीदर, आदिलाबाद या पट्ट्यातली पुष्कळ मुलं शिकायला किंवा परीक्षांच्या तयारीला हैदराबादेत येतात आणि नल्लकुंटा-विद्यानगर भागात खोली करून राहतात. उस्मानिया विद्यापीठ जवळ, काचीगुडा स्टेशन हाकेच्या अंतरावर, आणि आजारी पडलं तर फीव्हर हॉस्पिटल तिथंच. माझा भाचाही त्यातलाच. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, तोही मित्राच्या मोबाइलवरून. ‘मामा, माझ्या फोनचं पोट फुगलंय. मागचं झाकण उचललं गेलंय, फटीतून आतलं दिसायलंय.’

फोन अडीच वर्षांचा. वॉरंटी केव्हाच संपलेली. कंपनीच्या सेवा केंद्रात सांगितलं, फोन चार दिवस ठेवावा लागेल, आतला डेटा पुसला जाईल, आणि खर्च एवढा की त्यात जुना फोन आला असता. चार दिवस फोनशिवाय म्हणजे मेसचे पैसे द्यायचे कसे, हॉल तिकीट काढायचं कसं, घरी बोलायचं कसं? पोरगा गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात गेला. वीस मिनिटं, नऊशे रुपये. ‘ओरिजनलइच है भाई.’ बिल मागितलं तर दुकानदार हसला. बिल का क्या करते?

पाच महिन्यांत नवी बॅटरीही फुगली.

यात नवल काही नाही, आणि म्हणूनच लिहायला घेतलं. कुणाला भाजलं नाही, काही पेटलं नाही, त्यामुळे बातमीही झाली नाही. फोन फुटल्याचा व्हिडिओ आला की तो देगलूरपासून दादरपर्यंत तासाभरात फिरतो. पण आपल्या खिशातली बॅटरी कुणी बनवली, तिच्यावर नंबर आहे का, ती बसवून देणाऱ्यानं काही लिहून दिलंय का, हे विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतात. आपली सगळी भीती फोनच्या नावाला चिकटलेली असते. धोका मात्र बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या बॅटरीत आणि सुट्या चार्जरमध्ये असतो. तिथं आपण भाव करतो.

नोकियापासून नोट ७ पर्यंत

ही भीती आजची नाही. ऑगस्ट २००७ आठवतोय का बघा. तेव्हा गावोगावी नोकिया होता. १४ ऑगस्टला नोकियानं जगभरासाठी सूचना काढली : मात्सुशिता कंपनीनं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी शॉर्ट होऊन तापू शकतात, ज्यांना हव्या त्यांना बदलून देऊ. अशा बॅटऱ्या होत्या ४ कोटी ६० लाख. जास्त तापल्याच्या घटना तोवर जगभरात साधारण शंभर. म्हणजे शक्यता नगण्यच. पण आपल्याकडं ‘नोकियाचा फोन फुटतो’ एवढंच पोचलं. एसएमएसवरून अफवा फिरल्या, लोकांनी बॅटऱ्या काढून बाजूला ठेवल्या, सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या.

तरी त्या प्रकरणात एक गोष्ट नीट झाली होती. बॅटरी हातानं काढता येत होती, तिच्या पाठीवर २६ अक्षरी ओळखक्रमांक छापलेला होता, आणि तो कळवला की ‘तुमची बॅटरी यादीत आहे’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मिळत होतं. सामान्य माणसाला स्वतः तपासता येईल असा तो नंबर होता. घबराट ओसरली ती त्या नंबरामुळं.

दुसरं मोठं प्रकरण सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ चं. ऑगस्ट २०१६ मध्ये फोन बाजारात आला, २ सप्टेंबरला कंपनीनं २५ लाख फोन परत बोलावले. बदलून दिलेलेही पेटू लागले. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुइव्हिल इथं उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात बदलून दिलेल्याच फोनमधून धूर निघाला आणि सगळ्यांना खाली उतरवावं लागलं. आठवड्याभरात उत्पादन कायमचं बंद. भारतात हा फोन अधिकृतपणे विक्रीला आलाच नाही. तरीही ९ सप्टेंबरला आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमानात तो वापरायला मनाई केली, आणि ज्यांनी नोट ७ डोळ्यांनी पाहिला नव्हता त्यांनाही त्याचं नाव विमानात ऐकावं लागलं. त्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, सिंगापूरहून चेन्नईला आलेल्या इंडिगोच्या विमानात धूर निघाला तो जुन्या नोट २ मधून. बंदी नव्या मॉडेलवर होती.

नोट ७ बद्दल सॅमसंगनं केलेली एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. २३ जानेवारी २०१७ ला सोलमध्ये पत्रकार परिषद घेऊन कारण जाहीर केलं. दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासून निष्कर्ष निघाला की दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगवेगळे दोष होते. पहिल्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात आतलं इलेक्ट्रोड दाबलं जाऊन वाकत होतं. दुसरीत वेल्डिंगचे टोकदार कंगोरे राहिले होते आणि काहींत इन्सुलेशनची पट्टीच नव्हती. तपास कंपनीचाच होता, तरी बाहेरच्या तज्ज्ञ संस्थांनाही त्यात घेतलं होतं, आणि निष्कर्ष सगळ्यांसमोर आला.

आपल्याकडच्या ग्राहकाला असा निष्कर्ष क्वचित बघायला मिळतो. २०२१ साली वनप्लसच्या नॉर्ड २ या फोनबद्दल लागोपाठ तक्रारी आल्या. ऑगस्टमध्ये बंगळूरची, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या एका वकिलाची, नोव्हेंबरमध्ये आपल्या धुळ्याची. खिशात फोन फुटून मांडी भाजल्याचे धुळ्याचे फोटो तेव्हा सगळीकडं फिरले होते. बंगळूरच्या घटनेत बाहेरचं कारण असल्याचं कंपनीनं सांगितलं. दिल्लीच्या वकिलाला तर कंपनीनंच बदनामी थांबवा म्हणून कायदेशीर नोटीस पाठवली. कोण खरं, कोण खोटं हे इथं बसून ठरवता येणार नाही. मुद्दा असा की फोन तपासायला द्यायचा तोही कंपनीलाच, आणि तपासून सांगणारही कंपनीच. जळका फोन हातातून गेला की ग्राहकाकडं उरतो तो फोटो.

स्फोट खरा, कारण वेगळं

आता उलट बाजू. २४ एप्रिल २०२३ ला केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या तिरुविल्वामला इथं आठ वर्षांची मुलगी गेली. व्हिडिओ बघताना हातात मोबाइल फुटला, अशी बातमी देशभर झाली. आपल्याकडंही आईबापांनी मुलांच्या हातून फोन हिसकावून घेतले. काही महिन्यांनी केरळच्या वर्तमानपत्रांत न्यायवैद्यक तपासाची बातमी आली : रानडुकरांसाठी वापरतात तसल्या स्फोटकाच्या रसायनांचे अंश सापडले होते. ही दुसरी बातमी आपल्यापैकी किती जणांपर्यंत पोचली? मी चार गटांत विचारलं. पहिली सगळ्यांना आठवत होती.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर नाशिकच्या उत्तमनगर भागात चार्जिंगला लावलेल्या मोबाइलचा स्फोट होऊन तिघं जखमी झाल्याची बातमी होती. घराच्याच नव्हे, शेजाऱ्यांच्या आणि बाहेर उभ्या गाड्यांच्या काचाही फुटल्या. फोनजवळ परफ्यूमची बाटली होती, हेही बातम्यांत होतं, पण मथळ्यात फोनच राहिला.

इथं थोडं गणित करू. आजच्या फोनमध्ये साधारण ५००० एमएएचची बॅटरी असते. तिच्यात जास्तीत जास्त १९-२० वॅट-तास एवढी ऊर्जा मावते. बॅटरी बिघडली तर ज्वाळा निघतात, विषारी धूर येतो, गादी पेटते, हात-मांडी भाजते. माणूस झोपेत असेल आणि गादी पेटली तर जीवही जाऊ शकतो. पण शेजारच्या घराच्या काचा फोडायला एवढं बळ पुरत नाही. दाबाखाली भरलेला ज्वालाग्राही फवारा पेटला तर ते होऊ शकतं. नाशिकमध्ये नेमकं काय झालं ते मी ठरवत नाही, पण फोन चार्जिंगला लावताना शेजारी काय ठेवलंय हे बघायला कुणी सांगितलं नाही, याची चुटपुट लागते.

कारण चुकीचं कळलं की उपायही चुकीचा होतो. ‘अमुक कंपनीचा फोन घेऊ नका’ म्हणून लोक मोकळे होतात आणि त्याच दिवशी फुटपाथवरून दीडशे रुपयांचा चार्जर घरी आणतात.

पोट का फुगतं

लिथियम-आयन बॅटरीत दोन इलेक्ट्रोडमध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा असतो आणि मध्ये पेट घेणारा द्रव. पडदा कुठं फाटला, दबला, किंवा आत धातूचा कण राहिला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, तापमान चढतं, तापल्यानं आतली रासायनिक क्रिया वाढते, त्यानं आणखी तापतं. हे चक्र एकदा सुरू झालं की बाहेरून थांबवता येत नाही. फुगणं ही त्याआधीची पायरी. आतला द्रव विघटित होऊन वायू होतो आणि पाकीट फुगतं. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटेलच असं नाही, पण फुगलेली बॅटरी दाबणं, टोचणं किंवा ‘चाललंय तोवर चालू दे’ म्हणून चार्ज करत राहणं हा जुगार आहे.

उष्णतेचा वाटा यात मोठा. मोठ्या कंपन्या फोन वापरायची कमाल मर्यादा ३५ अंश सांगतात. आमच्याकडं नांदेड, आदिलाबाद, निजामाबादच्या उन्हाळ्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. शेतात, मोटारसायकलच्या टाकीवरच्या पाऊचमध्ये, एसटीच्या खिडकीत, पत्र्याच्या खोलीत फोन दिवसभर त्या मर्यादेच्या वर असतो. मग ‘उन्हात ठेवला’ हे कारण दुकानदार सांगतो तेव्हा ते अगदी खोटं नसतं. मात्र त्याच उन्हासाठी चांगल्या बॅटरीत सोय असते. तिच्या टोकाला छोटं संरक्षण सर्किट असतं आणि तापमान मोजणारा थर्मिस्टर. तापली की फोन चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. स्वस्त पॅकमध्ये कधी कधी थर्मिस्टरच्या जागी साधा ठराविक रेझिस्टर टाकतात. मग बॅटरी कितीही तापली तरी फोनला वाटतं, सगळं ठीक आहे. बाहेरून बघून हे कळत नाही. डब्यावर लिहिलेलं ‘ओरिजनल’ तर दोन्हींवर सारखंच असतं.

भाच्याच्या दुकानदाराचं दुसरं वाक्य होतं, ‘रातभर चार्जिंग को लगाए होंगे.’ हेही सगळीकडं ऐकायला मिळतं. सर्किट नीट असेल तर फोन शंभर टक्क्यांवर स्वतः थांबतो. रात्रभर लावल्यानं बॅटरी लवकर म्हातारी होते हे खरं, पण चांगली बॅटरी त्यानं फुटत नाही. उशीखाली, पांघरुणात लावणं वाईट, कारण उष्णता कोंडते आणि काही झालं तर माणूस झोपेत असतो. रेल्वेत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायची शिफारस २०१४ मध्ये झाली, ती आपल्याच गाडीच्या दुर्घटनेनंतर. २८ डिसेंबर २०१३ च्या पहाटे बंगळूर-हुजूर साहिब नांदेड एक्स्प्रेसच्या डब्याला आंध्रात आग लागली आणि २६ जण गेले. त्या आगीचं खापर मोबाइलवर फोडायचं नाही. पण रात्री सगळे झोपलेले असताना चालू राहणाऱ्या विजेकडं रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी बोट दाखवलं, आणि तो नियम सगळीकडं नीट लागू व्हायला २०२१ उजाडलं.

निजामाबाद आणि सिकंदराबाद

बॅटरीमुळं कायदा हलला तो तेलंगणातल्या घटनांनी, पण स्कूटरसाठी. एप्रिल २०२२ मध्ये निजामाबादला प्युअर ईव्ही कंपनीच्या स्कूटरची काढून घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी रात्री फुटली आणि ऐंशी वर्षांचे आजोबा गेले. लगेच कंपनीनं २००० स्कूटर परत बोलावल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीनं सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. १२ सप्टेंबरला सिकंदराबादच्या रुबी हॉटेलखालच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला आग लागली, धूर जिन्यातून वर चढला आणि हॉटेलात उतरलेल्यांपैकी आठ जण दगावले. नल्लकुंट्यापासून ते ठिकाण काही किलोमीटरवर. त्या आठवड्यात इथल्या अपार्टमेंटांमध्ये ‘तळमजल्यावर स्कूटर चार्ज करू नये’ अशा पाट्या लागल्या होत्या, त्यातल्या काही आता पावसानं धुऊन गेल्यात.

स्कूटरच्या बॅटरीत साधारण शंभर फोनांइतकी ऊर्जा असते, म्हणून ते प्रकरण मोठं. पण फरक पुढचा बघा. गाड्यांसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून रिकॉलचं वेगळं कलम आहे. स्कूटर पेटल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कंपन्यांना नोटिसा दिल्या, बॅटरीच्या चाचणीचे नियम १ डिसेंबर २०२२ पासून कडक झाले. मोबाइलसाठी असं वेगळं रिकॉलचं कलम नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २० खाली धोकादायक माल परत बोलवायचा अधिकार याच प्राधिकरणाला आहे. धोक्याच्या मालाबद्दल जाहीर इशारा द्यायचाही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये हेल्मेट, प्रेशर कुकर, गॅस सिलिंडर यांबद्दल तसा इशारा दिलाही होता. फोनची सुटी बॅटरी आणि चार्जर त्या रांगेत यायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कुकरइतकेच ते घराघरांत आहेत.

कागदावर नियम आहेत, हे सांगायला हवं. मोबाइलच्या बॅटऱ्या, पॉवर बँक आणि अडॅप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लिथियम बॅटरीवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढं आठ आकडी नोंदणी क्रमांक असावा लागतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो आकडा टाकला की कोणत्या कंपनीची, कोणती वस्तू, ते दिसतं. नोकियाच्या २६ अक्षरांसारखाच हा नंबर. फरक एवढाच की हल्लीच्या फोनमध्ये बॅटरी आत चिकटवलेली असते, ती बसवतानाच बघावी लागते. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम केलाय. आपल्याकडं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण झाकण अजून दुकानदारच उघडतो.

भाच्याची दुसऱ्यांदा फुगलेली बॅटरी बाहेर काढली तेव्हा आम्ही बघितलं. ‘आर’ होता, आठ आकडेही होते. अ‍ॅपमध्ये टाकले. निघाला कुठल्या तरी अडॅप्टरचा क्रमांक.

तक्रार देगलूरवाल्यानं कुठं करायची?

हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाला नेहमीच आडवा येतो. फोन घेतला हैदराबादेत, बॅटरी बसवली नल्लकुंट्यात, घर नांदेड जिल्ह्यात. १९८६ च्या जुन्या कायद्यात दुकानदार जिथं किंवा व्यवहार जिथं, तिथं जावं लागायचं. बीदरच्या माणसानं सोलापुरात घेतलेल्या वस्तूसाठी सोलापूरच्या तारखा करायच्या, की गप्प बसायचं? लोक गप्प बसायचे.

नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि कलम ३४ नं हे बदललं. तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दुकान तेलंगणात असो की कर्नाटकात. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघता येते, पुष्कळदा कंपनी तिथंच बोलू लागते. वस्तू तपासायची असेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो, म्हणजे तपासणारी कंपनीच नसते. तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो, हे लक्षात ठेवा. कायदा म्हणतो तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला.

यात दोन कलमं मला फार महत्त्वाची वाटतात. कलम ८७ सांगतं की वस्तूत फेरफार केला असेल किंवा ती चुकीची वापरली असेल तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा करता येत नाही. म्हणजे बाहेर बॅटरी बदलली की मूळ फोन विकणारा हात झटकू शकतो. पण कलम ८६ दुसऱ्या बाजूनं येतं : उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर त्या वस्तूनं केलेल्या हानीला ती विकणारा जबाबदार. बिननावाची बॅटरी बसवणारा दुकानदार कायद्याच्या नजरेत जवळजवळ बॅटरी बनवणाऱ्याच्याच जागी उभा राहतो. ‘माल वरून येतो, आमाला काय माहीत’ हे उत्तर त्याला वाचवत नाही. उलट अडकवतं.

आता कळतं, बिल का मिळत नाही. त्या चिठ्ठीवर ‘बॅटरी’ असा शब्द आला की ही सगळी जबाबदारी तिच्यावर बसते. बिल न देणं हीच याच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवलीय. जीएसटीची नोंदणी नसलेला छोटा दुकानदारही साधं बिल देऊ शकतो. नंबर नाही म्हणून बिल नाही, ही थाप.

दुकानदाराची बाजूही थोडी ऐकली. नल्लकुंट्यातला तो मुलगा विशीतला, दुकान दुसऱ्याचं. माल कोठी-आबिड्सच्या बाजारातून येतो, नांदेड-निजामाबादचे रिपेअरवालेही तिथूनच नेतात असं तो म्हणाला. नंबर बघून माल घ्या म्हटलं तर म्हणतो, कंपनीची बॅटरी आम्हाला कुणी विकतच नाही, आणि गिऱ्हाईक हजाराच्या वर द्यायला तयार नाही. दोन्ही खरं आहे. कंपन्या अस्सल सुटे भाग आपल्या केंद्रांपुरते ठेवतात, केंद्राचे दर परवडत नाहीत, आणि मधल्या जागेत हा बाजार वाढतो. दुकानाच्या कोपऱ्यात तेलाच्या रिकाम्या डब्यात तीसेक फुगलेल्या बॅटऱ्या एकावर एक पडल्या होत्या. त्यांचं काय करता विचारलं. ‘कचरेवाला ले जाता.’ २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची. बिननावाच्या बॅटरीला उत्पादक कुठला आणायचा? घंटागाडीत दाबल्या गेलेल्या अशा एका बॅटरीनं अख्खी गाडी पेटू शकते, ते त्या कामगाराला कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या प्रकरणात पुढं काय झालं तेही सांगतो. पैसे यूपीआयनं दिले होते, म्हणून नऊशे रुपयांची नोंद फोनमध्ये सापडली. पण क्यूआर कोड दुकानाच्या नावाचा नव्हता, कुणा नातेवाइकाच्या वैयक्तिक खात्याचा होता. बॅटरीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढले, अ‍ॅपवर दिसलेल्या अडॅप्टरच्या नोंदीचा स्क्रीनशॉट घेतला. कलमं वाचून दाखवल्यावर त्या मुलानं वहीतलं पान फाडून लिहून दिलं : ‘मोबाइल सर्व्हिस, ९००’, तारीख आणि सही. त्यात बॅटरी शब्द टाक म्हटलं तर म्हणाला, ‘वो मालिक कू पूछना पड़ता.’ मालक दोन फेऱ्यांत भेटले नाहीत.

तक्रार भाच्यानं मराठीत लिहून काढलीय, नांदेडच्या जिल्हा आयोगासाठी. सोबत ते पान, यूपीआयची नोंद आणि फोटो. बॅटरी पुरावा म्हणून जपून ठेवायला हवी, पण खोलीत ठेवायची नाही, म्हणून नल्लकुंट्याच्या गच्चीवर वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ती पुरून ठेवलीय, डब्यावर खडूनं ‘हात लावू नये’ असं मराठीत आणि तेलुगूत. तपासणीसाठी मागितली तर ती नांदेडला आणायची कशी, हे अजून ठरलेलं नाही. भरल्या एसटीत ती घेऊन बसायला मी तरी त्याला सांगणार नाही.